वाकड्या दगडांचा बोळ

४ सप्टेंबर

डोळे जाणार. आज नाही, उद्या नाही, पण जाणार. डॉक्टर इतक्या हळू आवाजात सांगत होते की जणू माझे कान गेलेत! म्हटलं, "मोठ्याने बोला, ऐकू येतं मला." मग त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि बाहेरून आत काळा करत आणला. कडेची नजर आधी जाते, मधली सगळ्यात शेवटी. मध्ये एवढासा पांढरा ठिपका राहिला तिथे त्यांनी पेन थांबवलं. "इथवर यायला काही वर्षं लागतील." औषध? नाही. ऑपरेशन? नाही. मग माझा अर्धा दिवस कशाला घालवलात, असं विचारणार होते.

म्हणून ओळीचा पहिला शब्द सुटत होता तर! सगळं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं, भल्याभल्या लेखकांच्या वेलांट्या सरळ केल्या, आणि शेवटच्या वर्षी माझ्याच पानांत चुका राहायला लागल्या. मी वयावर ढकललं आणि निवृत्ती घेऊन मोकळी झाले.

"घरात आणखी कुणाला होतं?" माझी आई शेवटी शेवटी भिंत धरून चालायची. सगळे म्हणायचे, म्हातारपण. "मुलं?" एक मुलगी. "तिचेही डोळे एकदा तपासून घ्या." तिचे कशाला? घारीचे डोळे आहेत तिचे! समोरच्या खोलीतून माझ्या साडीवरचा डाग दिसतो तिला.

रडले नाही. बसमधून उतरताना पायरी चुकले, तेव्हा पायरीला शिव्या घातल्या. बरं वाटलं.

५ सप्टेंबर

कुणालाही सांगायचं नाही. सांगितलं की लेक मला उचलून तिच्या चौथ्या मजल्यावर नेणार आणि खिडकीशी ठेवणार, कुंडीसारखी. सकाळ-संध्याकाळ पाणी.

नाही म्हणजे नाही! हे गेल्यावर मी एकटीने हे घर उभं केलं. सासरचे म्हणत होते, बाईमाणसाला कशाला हवं घर. आंधळी झाले तर आंधळी, पण इथेच.

७ सप्टेंबर

आज दुपारी सराव करून पाहिला. डोळे मिटून झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत. मध्ये फक्त एक बोळ! निघाले आणि पाऊस आला. छपराच्या पत्र्यावर असा बडवत होता की काही विचारू नका. माझंच पाऊल मला ऐकू येईना. पायाखाली सगळीकडे तीच ती गुळगुळीत फरशी, बोळ कुठे संपला आणि खोली कुठे सुरू झाली, पत्ता नाही. कपाटावर आदळले. तोवर दूध उतू गेलं होतं. फोनही वाजून गेला म्हणे — लेकीचा. पत्र्याखाली पाऊस असला की या घरात कुणी ओरडून मेलं तरी कुणाला ऐकू जायचं नाही.

कपाळावर टेंगूळ. आरशात नीट दिसलं. तेवढं मात्र दिसतं!

१२ सप्टेंबर

सुचलं. भांडी घासताना सुचलं.

आमच्या जुन्या छापखान्याला पाटीच्या दगडाचं छप्पर होतं. शाळेतल्या पाटीचाच दगड — पापुद्रे सुटतात तो. पातळ पातळ पाट्या काढून कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या. बाहेर पाऊस आहे हे येणाऱ्यांच्या छत्र्या बघून कळायचं, इतकी शांतता. आणि खाली जमिनीलाही तोच दगड, जाड. कागदाच्या कोठीत उजेड नसायचा, पण कोणी दिवा लावत नसे. यंत्रापाशी दगड झिजून मऊ झालेला, कोठीच्या दारात खरबरीत. पायाला कळायचं आपण कुठे आहोत.

छप्पर कानांसाठी. जमीन पायांसाठी. डोळ्यांना विचारतंय कोण!

१३ सप्टेंबर

लेकीला फोनवर सांगितलं — डोळ्यांचं नाही, दगडाचं. आधी तिने मला तेच पुन्हा म्हणायला लावलं. मग — "काळा दगड? घरात? आई, काळोख करून ठेवशील घराचा!" तिच्या घरी जमीन पांढरीशुभ्र, भिंती पांढऱ्या, भरदुपारी चार दिवे चालू. दुधाच्या डेअरीत गेल्यासारखं वाटतं.

म्हटलं, घर माझं, दगड माझा, काळोखही माझाच.

२० सप्टेंबर

छप्पर घालणारा मिळाला. नाव काही का असेना, मी त्यांना टकटकबुवा म्हणते. येताना हातात छोटी हातोडी, आणि जे दिसेल त्यावर टकटक. दारावर, खांबावर, माझ्या पितळी डब्यावरसुद्धा! आल्याआल्या चहा, मग स्वतःची स्तुती, मग पुन्हा चहा. "मावशी, माझ्या हातचं छप्पर शंभर वर्षं बघायला नको." मी विचारलं, तुमचं सगळ्यात जुनं छप्पर किती वर्षांचं? म्हणाले, "आठ." घ्या!

पण दगड ओळखतात. नमुन्याच्या दोन पाट्या आणल्या होत्या. एक बोटांवर तोलून धरली, टक् केलं, तर खणखणीत वाजली. दुसरी भद्द. "हिच्या पोटात भेग आहे. दिसत नाही, पण आहे." मी म्हटलं, इकडे द्या. डोळे मिटून मी वाजवून पाहिल्या. मलाही कळलं! बुवांचा चेहरा जरा उतरला.

ठरलं. पत्रा काढायचा, लाकूड मजबूत करायचं आणि मग दगड.

४ ऑक्टोबर

पत्रा निघाला. वर ताडपत्री, खाली मी. शेजारीण कुंपणावरून म्हणते, "पाटीच्या दगडाचं छप्पर करताय म्हणे? मग खडूचं डबडंही आणा!" मी म्हटलं, आणणार, आणि तुमच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिणार. हसली. बाई तशी बरी आहे.

९ ऑक्टोबर

दगड उतरला. अंगणात ढीगच ढीग. आता निवड. जाड पाट्या खाली वळचणीला, पातळ वर आढ्याकडे — म्हणजे छपराचा भार जिथल्या तिथे राहतो. हे काम मी हट्टाने मागून घेतलं. बसायचं, पाटी उचलायची, वाजवायची, अंगठा फिरवायचा, जाडीप्रमाणे लावायची. बुवा म्हणाले, "मावशी, हे बायकांचं काम नाही." मी म्हटलं, तुम्ही चहा प्या, ते तुमचं काम.

संध्याकाळपर्यंत बोटांना सवय झाली. बघावंच लागेना. असल्या आनंदाने मी कित्येक वर्षांत काम केलं नव्हतं!

वाकड्या निघाल्या त्या वेगळ्या टाकल्या. खणखणीत वाजतात, पण पोटात लाटा. छपरावर एकीवर एक बसत नाहीत. कुंपणाशी त्यांचा निराळा ढीग झालाय. बुवांची नजर आहे त्यावर. "उरलं तर घेऊन जाईन." न्या म्हटलं.

१५ ऑक्टोबर

लेक आणि जावई आले होते. जावई भला माणूस. आल्याआल्या शिडीवर चढला, खिळे कसे मारतात ते बघायला. बुवांनी ऐटीत दाखवलं — दगड खिळ्यावर टांगायचा, ठोकून आवळायचा नाही. आवळला की तडकतो. जावई म्हणाला, "माणसांसारखंच की, आई." त्याला अशी वाक्यं सुचतात. सुचोत बिचाऱ्याला.

लेकीचा मात्र राग नाकावर. बोळात ठेवलेल्या बादलीला धडकली आणि माझ्यावरच ओरडली, "मध्येच कुणी ठेवली ही?" बादली चांगली भिंतीला लागून होती! मग चहा दिला तर घेईना. कप हातात धरून बाजूला उभी राहिले, तिने मान वळवली नाही. शेवटी टेबलावर आदळला. आईच्या हातून कप घ्यायलाही मोठेपणा आडवा येतो. आणि पाच वाजले नाहीत तोच — "चला, चला, निघू या." हल्ली ती अंधार पडायच्या आत घर गाठते. स्कूटरही विकली. का, तर रस्त्यावर गर्दी वाढली! लग्नाआधी हीच पोरगी घाटातून स्कूटर दामटायची.

श्रीमंतीची नाटकं सगळी.

२१ ऑक्टोबर

छप्पर झालं! आणि दुपारी पाऊस आला, जसा काही मीच बोलावला होता. बुवा कमरेवर हात ठेवून खाली उभे, वर बघतायत. एक थेंब नाही आत. पण मला थेंबांचं काय! मला आवाज हवा होता — आवाज नसण्याचा. वर नुसती हलकी कुजबुज. घड्याळ ऐकू आलं. शेजारणीच्या नळाचं पाणी ऐकू आलं. बुवांचं पोट गुरगुरलेलंही ऐकू आलं.

जेवायला वाढलं त्यांना. हा मान त्यांनी कमावला होता.

२४ ऑक्टोबर

आता जमीन. चार दिवस डोक्यात आखतेय. स्वयंपाकघरात घासलेला, तळव्याला गार आणि सपाट लागणारा. पुसायलाही बरा. बोळात न घासलेला, फोडला तसाच, खरबरीत. झोपायच्या खोलीत लांबट पट्ट्या, पलंगाकडे जाणाऱ्या. मागच्या दाराशी पायरी आहे, तिथे पायरीच्या अलीकडे दगड आडवे. पायाला आडवे लागले की थांबायचं.

बुवा म्हणतात, "एका घरात चार तऱ्हा? लोक मला हसतील." म्हटलं, लोक तुम्हाला हसतील आणि मला वेडी म्हणतील. वाटून घेऊ.

२ नोव्हेंबर

रागारागाने लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. लेकीला सांगितलं बँकेत चाललेय, कारागीर आहेत तर जरा घरी येऊन बस. परत आले तर बोळात यंत्र घरघरतंय! बोळ सगळा घासून गुळगुळीत केलेला. वर तेलासारखं काहीतरी फासलेलं. चकचकीत! बुवा दात काढून उभे. "ताईंनी सांगितलं, मावशी. सरप्राइज."

मी चप्पल काढून पाय ठेवला. काही नाही. स्वयंपाकघरासारखाच. माझ्या पायाखालचा रस्ताच पुसून टाकला त्या मुलीने.

असा आवाज चढवला की शेजारीण कुंपणाशी आली.

"आई, खिडकी नाही इथे! काळा दगड, काळा बोळ. चकाकी असली तर थोडा तरी उजेड फिरेल!"

"मला उजेड नकोय!"

"उजेड नको असतो का कुणाला? काय हट्टाला पेटलीस तू? वय काय तुझं! शंभर वर्षांचं छप्पर, दगडाची जमीन — कुणासाठी चाललंय हे सगळं?"

"माझ्यासाठी! शंभर वर्षं जगणार आहे मी. बसा बघत!"

ती रडायला लागली. मी नाही. ती गेली. भिंतीला हात लावत, पाय आपटत गेली. जावयाचा फोन आला, "आई, तिचं जरा मनावर घेऊ नका, हल्ली तिचं काहीतरी बिनसलंय." माझंही बिनसलंय. माझं कोण मनावर घेतंय?

३ नोव्हेंबर

बुवा दगड उखडायला तयार नाहीत. "ताईंनी सांगितलं म्हणून केलं, माझी काय चूक?" म्हटलं, घर कुणाचं? पायाची धूळ कुणाच्या उंबऱ्यावर झाडता? चहा कुणाचा पिता? तिसऱ्या प्रश्नावर ते नरमले.

उखडताना सगळे तुटले. आता नवे आणायचे तर दोन आठवडे. मी अंगणात गेले. कुंपणाशी वाकड्यांचा ढीग. एक उचलली, तळहात फिरवला. पोटात लाटा, अंगावर पापुद्र्यांच्या रेघा. हिला कोण घासणार? यंत्र धरणारच नाही हिच्यावर! बोळापुरत्या जाडजूड निवडून काढल्या.

"हे? बोळात? मावशी, हे नापास झालेले दगड!"

"छपरावर नापास. माझ्या बोळात पहिल्या नंबराने पास."

८ नोव्हेंबर

बोळ पूर्ण. खाली सिमेंटचा मसाला भरपूर भरून कडा एका पातळीत आणल्यात, ठेच लागत नाही. मध्ये मात्र लाटा तशाच. बुवांनी मन लावून केलं हे कबूल. वर तोंडाने "माझं नाव सांगू नका कुणाला" हेही चालूच.

पायाला काय लागतं! ओल्या वाळूवरून चालल्यासारखं. उरलेल्या वाकड्या पाट्या अजून ढिगात आहेत. बुवा टेम्पो मिळाला की नेणार.

९ नोव्हेंबर

लेकीचा फोन नाही. माझाही नाही.

१९ नोव्हेंबर

डोळे मिटून रोज फेऱ्या. झोपायची खोली, बोळ, स्वयंपाकघर, बाहेरची खोली, मागचं दार. सुरुवातीला हात पुढे जायचे, आता जात नाहीत. मागच्या दाराशी आडवे दगड लागले की पाय आपोआप थांबतो. काल पाऊस असताना केलं. आज हातात पाण्याची कळशी घेऊन केलं. सांडलं. उद्या पुन्हा.

२७ नोव्हेंबर

नाही सांडलं!

६ डिसेंबर

सांगून टाकलं.

त्या दोघांना मीच बोलावलं. दुपारीच या म्हटलं, नाहीतर बाईसाहेबांना अंधाराची घाई. आले, बसले. लेक माझ्याशी अजून मोजूनमापून बोलत होती. मी आत गेले, चहा केला, डोळ्यांवर घट्ट पंचा बांधला आणि ट्रे उचलला. स्वयंपाकघर गार. मग लाटा. मग बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्याची धार. ट्रे टेबलावर. एक थेंब बशीत नाही!

जावई ताडकन उठला. "आई, हे काय?"

पंचा काढला आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, तो काळा होत जाणारा गोल, माझ्या आईचं भिंत धरून चालणं, पत्र्याचा आवाज, सगळं. वर बजावलं — दया नको. चौथा मजला नको. मला माझ्या घरातला रस्ता पाठ आहे, आणि तो मी हट्टाने बांधलाय, आणि कुणी पुन्हा त्यावर यंत्र फिरवलं तर त्याची खैर नाही!

जावयाचे डोळे भरले. लेक मात्र ढिम्म. मला वाटलं होतं रडेल, गळ्यात पडेल, निदान बोळाबद्दल सॉरी म्हणेल. काही नाही. चेहरा पांढराफटक. थोड्या वेळाने मोजे काढले आणि बोळात गेली. एकदा गेली, आली. मग पुन्हा गेली, सावकाश, एकेक पाऊल दाबून. मागच्या दारापाशी थांबली. तिथूनच विचारलं, "हे इथे आडवे का लावलेस?"

"पुढे पायरी आहे म्हणून."

"हं."

एवढंच. "हं"! आणि पाचच्या आत निघून गेली. आईचे डोळे जातायत आणि ही दगडाची तपासणी करतेय. त्या वाकड्या पाट्यासुद्धा वाजवल्यावर काहीतरी बोलतात. असो. मला कुणाच्या रडण्याची गरज नाही.

७ डिसेंबर

आहे. गरज आहे. थोडी.

९ डिसेंबर

लेक आली. एकटी, बसने. दारात उभी राहूनच म्हणाली, "आई, मला अंधार पडला की काही दिसत नाही. दोन वर्षं झाली. बाजूचंही दिसेनासं झालंय. मी कुणाकडेच बोलले नाही, ह्यांच्याकडेही नाही. काल तुझ्या डॉक्टरांकडे जाऊन आले. तोच गोल काढला त्यांनी." ती बादली, तो कप, ती स्कूटर, ते भरदुपारचे दिवे! सगळं माझ्यासमोर होतं. तिला पोटाशी धरलं, दोघी बोळातच खाली बसलो, गार दगडावर, पोटभर रडलो. मग तिने नाक पुसलं आणि लहानपणी विचारायची तसं विचारलं, "आई, मला येईल ना गं?" म्हटलं, न यायला काय झालं? मी शिकवते.

बुवांना फोन केला. वाकड्यांच्या ढिगाला हात लावू नका म्हटलं, अजून एक बोळ करायचाय. चौथ्या मजल्यावर.